पाठीची कळ आणि विजेचा उपचार

भोसरीहून मोशीवरून चाकणला जाणाऱ्या रस्त्याने कोणी डोळे उघडे ठेवून गेला, तर दुतर्फा दिसणाऱ्या पाट्यांत फिजिओथेरपीच्या दवाखान्यांच्या पाट्या त्यास काही कमी आढळणार नाहीत. 'मणक्यात गॅप, सायटिका, मानदुखी, हातापायांस मुंग्या' अशी दुखण्यांची नामावळी त्यांवर असते आणि तिच्याखाली 'अत्याधुनिक मशीनद्वारे उपचार' हे आश्वासन असते. हे मशीन बहुधा विजेचे असते. कामावरून सुटलेला माणूस तेथे पालथा पडून राहतो, कंबरेवर रबरी पट्ट्या चिकटविल्या जातात, बटण फिरविले जाते, अंगात झिणझिण्या उठतात आणि दहावीस मिनिटांनी तो उठतो तेव्हा त्यास बरे वाटत असते. 'करंट घेतला', 'शेक घेतला' हे वाक्प्रचार आपल्याकडे आता घरोघरी झाले आहेत. या करंटाचा इतिहास सांगावा असे आम्ही योजिले आहे. करंटाने बरे वाटते ही गोष्ट खरी; पण दबलेली नस त्याने सुटते काय, हा प्रश्न फार जुना आहे, आणि त्याचे उत्तर माणसाने कसकसे शोधले ते कळल्यावाचून पाटीवरच्या आश्वासनाची किंमत ठरविता येत नाही.

या विषयाचे आणि या पट्ट्याचे नाते उघड आहे. १९५४ साली पिंपरीच्या माळावर हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढच्या वर्षी तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ निघाले. आकुर्डीस बजाज, चिंचवडच्या अंगाला टेल्को, आणि त्यांच्या आधारावर शेकडो लहान कारखाने उभे राहिले. पुढे कारखानदारीने इंद्रायणी ओलांडली, आणि ज्या चाकणची ओळख संग्रामदुर्ग आणि कांद्याचा बाजार एवढीच होती तेथे २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. नांगर सोडलेला शेतकऱ्याचा मुलगा प्रेसवर, असेंब्लीच्या रांगेत, फोर्कलिफ्टवर आणि ट्रकच्या चाकामागे जाऊन बसला. स्वीडनमधील आल्फ नाकेमसन यांनी १९६० नंतरच्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्यांमधील चकतीत सुई घालून तेथील दाब मोजला होता. पाठीला आधार न देता बसले की उभे राहण्यापेक्षा दाब वाढतो, आणि वाकून वजन उचलले की तो फारच वाढतो, असे त्यांस आढळले. तथापि सगळा दोष कामावर टाकणेही शास्त्राला धरून होणार नाही. फिनलंडमधील जुळ्या भावांची तपासणी करून १९९५ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात चकतीची झीज नोकरीच्या स्वरूपापेक्षा घराण्यावर अधिक अवलंबून असल्याचे दिसून आले. झीज घराण्यातून येत असेल. परंतु झिजलेल्या पाठीने रोज आठ किंवा बारा तास काय करावयाचे हे कारखाना ठरवितो, आणि आमच्या मते कामगाराच्या दृष्टीने खरा प्रश्न तोच आहे.

पेनिसिलीनचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. ते औषध ज्या जंतूपासून रोग होतो त्या जंतूलाच गाठते. वीज त्या अर्थाने औषध आहे काय? याचे उत्तर देण्यापूर्वी दुखणे नेमके कोणते ते पाहिले पाहिजे, कारण 'पाठ दुखते' या दोन शब्दांत आपण निरनिराळे रोग एकत्र बांधून टाकतो.

उसण भरणे निराळे आणि नस दबणे निराळे. उसण स्नायूत भरते, ती पाठीतच राहते आणि चारआठ दिवसांत उतरते. नसेची कळ मात्र प्रवास करते. आपल्या मज्जारज्जूतून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघतात आणि प्रत्येक तंतू ज्या मुळाने रज्जूला जोडलेला असतो ते मूळ दोन मणक्यांच्या बाजूच्या अरुंद वाटेने बाहेर पडते. तेथे ते चेपले किंवा सुजले, की दुखापत कंबरेत आणि बोंब पायात, असा प्रकार होतो. कंबरेचे पाचवे मूळ दुखावले तर कळ पोटरीच्या बाहेरच्या अंगाने पायाच्या अंगठ्याकडे जाते. त्याखालचे, म्हणजे त्रिकास्थीचे पहिले, दुखावले तर ती टाचेकडे आणि करंगळीकडे वळते. आजारी माणूस बोटाने पायावर रेघ ओढून दाखवितो आणि जाणता वैद्य त्या रेघेवरून मणका ओळखतो. चरकसंहितेतील गृध्रसीचे वर्णन वाचावे, म्हणजे कुल्ल्यापासून निघून कंबर, मांडी, गुडघा, पोटरी आणि पाऊल असा हाच मार्ग तेथे क्रमाने सांगितलेला दिसतो. युरोपात हा रोग खुब्याच्या सांध्याच्या दुखण्यापासून वेगळा काढण्याचे श्रेय नेपल्सच्या डोमेनिको कोतुन्यो यांना देतात. त्यांचा ग्रंथ १७६४ सालचा.

उपचाराच्या बाबतीत चरक आणि कोतुन्यो यांच्यांत एक चमत्कारिक साम्य आहे. चरकाने गृध्रसीवर घोट्याजवळ अग्निकर्म, म्हणजे डाग देणे, सांगितले आहे. कोतुन्यो पायावर फोड उठविणारा लेप लावीत असत. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका बिब्बा घालतात, तो याच जातीचा. दुखते एका ठिकाणी आणि चटका दुसऱ्या ठिकाणी! याला अडाणीपणा म्हणून हसणे सोपे आहे. पण एका संवेदनेने दुसरी संवेदना दाबली जाते हा अनुभव या सर्वांच्या पदरी होता, आणि त्यात किती तथ्य आहे हे पुढे दिसून येईल.

विजेचा उपचार तर वीज हा शब्द कळण्याच्याही पूर्वीचा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस या रोमन वैद्याने लिहून ठेवले आहे की, समुद्रातील टॉर्पेडो नावाचा मासा जिवंत असताना डोक्यावर ठेवला तर जुनाट डोकेदुखी थांबते, आणि संधिवाताच्या रोग्याने त्यावर पाय देऊन तो बधिर होईपर्यंत उभे राहिले तर आराम पडतो. हा मासा अंगातून विजेचा झटका सोडतो. रोग्याला ते ठाऊक नव्हते आणि वैद्यालाही नव्हते.

अठराव्या शतकाच्या मध्यास लायडन येथील बरणीत वीज साठविण्याची युक्ती सापडली आणि मग काय विचारता! पक्षाघात, बहिरेपणा, संधिवात, सायटिका, जे जे हट्टी दुखणे असेल ते बरणीजवळ आणले जाऊ लागले. या गर्दीत एक मनुष्य असा निघाला की ज्याने आपल्या यशाकडे संशयाने पाहिले. फिलाडेल्फियाचे बेंजामिन फ्रँकलिन यांच्याकडे पक्षाघाताचे रोगी दुरून आणले जात आणि ते त्यांस झटके देत. १७५७ साली एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपला अनुभव कळविला. पहिले काही दिवस लुळ्या अंगात ऊब आणि हालचाल येते, रोगी हरखतो; पाचव्या दिवसानंतर प्रगती खुंटते आणि पुढे तो निराश होऊन घरी जातो. कायमचा गुण आपण पाहिला नाही असे त्यांनी स्वच्छ लिहिले, आणि पुढे एक शंका जोडली: जो थोडा गुण दिसला तो विजेचा होता, की रोज आपल्या घरापर्यंत येण्याजाण्याच्या व्यायामाचा, की बरे होण्याच्या आशेने मनाला आलेल्या उभारीचा? रोग पक्षाघाताचा होता, पाठीचा नव्हे. पण ही शंका आपण गाठीस बांधून ठेवू. तिचे निरसन होण्यास पुढे दोनशेहून अधिक वर्षे लागली.

मधल्या काळाचे वर्णन आम्ही लांबवीत नाही. गॅल्व्हानींनी १७९१ साली बेडकाच्या तंगडीवरील प्रयोग प्रसिद्ध केले, व्होल्टांनी १८०० साली अखंड प्रवाह देणारी घटमाला केली, फॅरडे यांनी १८३१ साली प्रवर्तनाचा शोध लावला, आणि प्रत्येक वेळी नवा प्रवाह प्रयोगशाळेतून निघून थेट रोग्याच्या अंगावर गेला. पॅरिसच्या द्युशेन यांनी ओल्या टोकांच्या साहाय्याने एकेक स्नायू वेगळा उत्तेजित करून दाखविला. त्यांचा ग्रंथ १८५५ सालचा. आजही फिजिओथेरपीच्या दवाखान्यात 'गॅल्व्हॅनिक' आणि 'फॅरॅडिक' ही नावे ऐकू येतात ती त्या काळाची वारसदार होत. पण शास्त्राच्या मागोमाग बाजारही आला. विजेचे पट्टे निघाले, विजेच्या साखळ्या निघाल्या. पुल्व्हरमाखर यांची साखळी तर इतकी बोकाळली की फ्लोबेर यांनी 'मादाम बोव्हारी'तल्या शेखीखोर औषधविक्याच्या अंगावर ती चढवून तिची कायमची थट्टा करून ठेवली. विसाव्या शतकाच्या आरंभी वैद्यकीय शिक्षणाला शिस्त लागली तेव्हा या बाजाराबरोबर विजेच्या उपचाराचीही प्रतिष्ठा गेली.

आणि गंमत अशी की, तोवर नसेची कळ कशाने येते हेच कोणास नीट ठाऊक नव्हते. १९३२ च्या डिसेंबरात बॉस्टन येथे मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी एका तरुणाची पाठ उघडली. बर्फावरून घसरण्याच्या खेळात त्यास दुखापत झाली होती. मज्जामुळावर दाबणारी एक गाठ निघाली. अशा गाठींना तोवर कूर्चेचे अर्बुद म्हणत. यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, तो ती मणक्यामधील चकतीचाच बाहेर आलेला तुकडा! मग त्यांनी रुग्णालयात पूर्वी जपून ठेवलेल्या गाठी बाहेर काढल्या, आणि त्यांपैकी पुष्कळशा तशाच निघाल्या. १९३४ साली हा निबंध प्रसिद्ध झाला आणि 'गादी सरकली' ही कल्पना जगभर गेली. कल्पना बरोबर होती, पण अपुरी. पुढे १९९३ साली स्वीडनमध्ये डुकरांवर प्रयोग झाले. चकतीतील मऊ गर मुळावर दाब न देता नुसता ठेवला तरी ते मूळ बिघडते असे त्यांत दिसले. म्हणजे चेपण्याइतकेच सुजणेही महत्त्वाचे आहे. 'गॅप' हा आपल्याकडचा लाडका शब्द येथे लंगडा पडतो. मणक्यांमधील अंतर कमी झालेली पुष्कळ माणसे आनंदाने हिंडतात, आणि सूज उतरली की गादी होती तेथेच असूनही कळ जाते.

आता विजेकडे पुन्हा वळू. तिला शास्त्राच्या पंगतीत परत आणण्याचे काम एका सिद्धांताने केले. रोनाल्ड मेल्झॅक हे कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ आणि पॅट्रिक वॉल हे इंग्रज शरीरशास्त्रज्ञ. या दोघांनी १९६५ साली वेदनेच्या द्वाराचा सिद्धांत मांडला. तो समजून घेण्यास येथील श्रोत्यांस अडचण पडू नये. मज्जातंतू म्हणजे एक तार नव्हे, तो पुष्कळ तारांचा जुडगा आहे. त्यात काही तारा जाड आणि वेष्टन असलेल्या. त्या स्पर्शाची बातमी सेकंदाला पन्नासएक मीटर वेगाने नेतात. काही तारा अतिशय बारीक आणि वेष्टनावाचूनच्या; त्या दुखण्याची बातमी सेकंदाला मीटर-दोन मीटर या बैलगाडीच्या वेगाने नेतात. पायावर हातोडी पडली की आधी ठोसा जाणवतो आणि क्षणभराने ठणका येतो, त्याचे एक कारण हेच. या सर्व तारा मज्जारज्जूच्या मागच्या भागात एका ठाण्यावर येतात. मेल्झॅक आणि वॉल म्हणाले की तेथे एक द्वार आहे. बारीक तारांची बातमी ते उघडते. जाड तारांची बातमी ते लोटून घेते. पाळी बदलताना कारखान्याच्या गेटवर बसमधून उतरलेल्यांची एकदम झुंबड उडते तेव्हा तक्रार घेऊन आलेला एकटा माणूस जसा बाहेरच राहतो, तसे. आपटलेले कोपर आपण चोळतो ते उगीच नव्हे, आणि आजीचा बिब्बाही उगीच नव्हता. तो मार्ग जरा निराळा आहे, पण मज्जारज्जू वेदना जशीच्या तशी वर पाठवीत नाही, तीत कमीजास्त करतो, हे मूळ तत्त्व तेच. सिद्धांतातील बारीकसारीक जोडण्या पुढे चुकीच्या ठरल्या; तत्त्व टिकले.

यात विजेचा संबंध कोठे येतो? कोणीही वायरमन सांगेल की जाड तारेला रोध कमी. मज्जातंतूतही जाड तंतूच्या आत प्रवाहाला अडथळा कमी असल्यामुळे बाहेरून दिलेल्या अल्प विजेने प्रथम तोच जागा होतो. म्हणून विजेचा जोर बेताचा ठेवला तर झिणझिण्या येतात पण दुखत नाही. स्पर्शाच्या तारा तेवढ्या वाजू लागतात आणि दुखण्याच्या तारा झोपून राहतात. दुखण्याला हात न लावता त्याचे द्वार बंद करण्याची ही किल्ली होय. वॉल आणि शस्त्रक्रियातज्ज्ञ स्वीट यांनी ती आधी स्वतःवर चालवून पाहिली. डोळ्याच्या खालच्या हाडातील छिद्रातून जाणाऱ्या मज्जातंतूजवळ त्यांनी आपल्याच चेहऱ्यात सुया घातल्या आणि प्रवाह सोडला. मग आठ रुग्णांवर प्रयोग करून १९६७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच वर्षी अमेरिकेत नॉर्मन शीली यांनी कर्करोगाच्या वेदनेने तळमळणाऱ्या एका वृद्धाच्या मज्जारज्जूपाशी पहिले विद्युत्यंत्र बसविले. वेदना शमली, रोगी मात्र थोड्याच काळात वारला.

या घटनेतून एक आडफळ निघाले, आणि तेच आज आपल्या रस्त्यावरच्या दवाखान्यापर्यंत पोचले आहे. शस्त्रक्रिया करून यंत्र बसविण्यापूर्वी रोग्याला झिणझिण्या मानवतात की नाही हे पाहण्यासाठी शीली व त्यांचे सहकारी कातडीवरून प्रवाह देऊन पाहत. काही रोग्यांस एवढ्यानेच आराम पडू लागला. मग खिशात मावेल अशी बॅटरीवरची पेटी निघाली. तिला 'टेन्स' म्हणतात. ती सामान्यतः सेकंदाला ८० ते १०० स्पंदे देते आणि प्रत्येक स्पंद सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही पुष्कळ लहान असतो. स्पंदे सेकंदाला दोनचारच ठेवली आणि जोर वाढविला तर निराळा मार्ग उघडतो. १९७५ साली मेंदूत अफूसारखे कार्य करणारी द्रव्ये सापडली, आणि मंद स्पंदांचा परिणाम त्या जातीच्या द्रव्यांमार्फत होतो असे प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसले. दुसरे यंत्र 'आयएफटी'. ते व्हिएन्नाच्या हान्स नेमेक यांचे, १९५० च्या सुमाराचे. यात सेकंदाला ४,००० च्या आसपास आवर्तने असलेले, एकमेकांपासून किंचित भिन्न असे दोन प्रवाह अंगातून आडवेतिडवे सोडतात. जेथे ते मिळतात तेथे त्यांच्या वजाबाकीइतका मंद ठेका उत्पन्न होतो. तबल्याच्या जोडीत सुरांचा किंचित फरक राहिला की आस लाटेसारखी हेलकावते, त्यातला हा प्रकार. शीघ्र प्रवाहाला कातडीचा रोध कमी होतो, म्हणून तो टोचत नाही.

महाराष्ट्रात या विद्येची पायवाट पोलिओने आणि युद्धाने घातली. पुण्यास कृत्रिम अवयवांचे लष्करी केंद्र १९४४ साली, महायुद्ध चालू असतानाच, निघाले. मुंबईस के. ई. एम. रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण देणारी देशातील पहिली शाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सुरू झाली, आणि हाजीअलीची पुनर्वसन संस्था १९५५ साली. पोलिओच्या मुलांसाठी स्नायू जागविणारी यंत्रे आली होती. पोलिओ गेला, यंत्रे राहिली, आणि त्यांस नवे गिऱ्हाईक मिळाले: कारखान्यातली पाठ.

येथे फ्रँकलिनची शंका पुन्हा आपल्यासमोर उभी राहते. जो गुण आला तो विजेचा की येण्याजाण्याचा की आशेचा? हे ठरवावयाचे तर काही रोग्यांस खरे यंत्र आणि काहींस दिवे लागणारे पण वीज न देणारे खोटे यंत्र द्यावे लागेल, आणि कोणाला कोणते मिळाले हे लपवावे लागेल. अमेरिकेत डेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे केले. जुनाट कंबरदुखीच्या १४५ रोग्यांवरील त्यांचा निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाला. खऱ्या टेन्सचा गट आणि खोट्या टेन्सचा गट यांत फरक दिसला नाही. व्यायाम करणाऱ्यांस मात्र थोडा लाभ झाला. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१६ साली तर कंबरदुखी आणि सायटिका यांवर टेन्स व आयएफटी देऊ नये अशीच शिफारस केली. उलट बाजूही सांगितली पाहिजे. सर्व प्रकारच्या वेदनांवरील ३८१ प्रयोग एकत्र करून २०२२ साली जो आढावा निघाला, त्यात प्रवाह चालू असताना आणि तो थांबल्यावर लगेच वेदना खरोखर उतरते असे दिसले. या दोन निष्कर्षांत विरोध नाही. द्वार लोटलेले असेपर्यंत आवाज येत नाही. हात काढला की द्वार पुन्हा उघडते. खाटेवरून उठताना वाटणारे बरेपण खोटे नव्हे. पंधरा दिवसांचे पैसे आगाऊ घेऊन 'नस मोकळी करून देतो' असे जे सांगितले जाते ते मात्र खोटे आहे, कारण चकतीच्या तुकड्याला किंवा मुळाच्या सुजेला त्या प्रवाहाने काही होत नाही.

मज्जारज्जूपाशी बसविण्याच्या यंत्राचा इतिहास अधिक नाट्यमय आहे. त्याची किंमत आपल्याकडे काही लाखांत जाते, म्हणून तो जाणून घेणे बरे. मूळचे भारतीय असलेले कॅनडातील शस्त्रक्रियातज्ज्ञ कृष्ण कुमार यांनी इतरांसह २००७ साली १०० रोग्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. या सर्वांच्या पाठीची शस्त्रक्रिया होऊनही पायातील कळ गेलेली नव्हती. सहा महिन्यांनी यंत्र बसविलेल्यांपैकी ४८ टक्के लोकांची पायाची वेदना निम्म्याने किंवा त्याहून अधिक उतरली. नुसते औषधोपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ९ टक्के होते. यश मोठे दिसते. पण ज्यांना यंत्र मिळाले त्यांना ते मिळाल्याचे ठाऊक होते, न मिळालेल्यांनाही ते ठाऊक होते. पुढे झिणझिण्या न येऊ देता प्रवाह देण्याची रीत निघाली आणि यंत्र चालू की बंद हे रोग्यापासून लपविणे प्रथमच शक्य झाले. नॉर्वेतील ट्रॉन्हाइमच्या डॉक्टरांनी अशा ५० रोग्यांस यंत्रे बसविली. प्रत्येकाला तीन तीन महिने कधी चालू आणि कधी बंद, अशा पाळ्या दिल्या. अपंगत्व मोजण्याच्या शंभर अंशांच्या मापावर यंत्र चालू असताना १०.६ अंशांची आणि बंद असताना ९.३ अंशांची सुधारणा झाली. निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाला आणि या क्षेत्रात खळबळ उडाली. प्रवाह देण्याची ती एक विशिष्ट पद्धत होती, इतर पद्धतींना हा निकाल लागू होत नाही, असा आक्षेप निघाला. आक्षेपात तथ्य आहे. परंतु यंत्र बंद असतानाही माणसे सुधारत होती, हा भाग आक्षेपाने पुसला जात नाही.

तिसरा उपाय 'रेडिओफ्रीक्वेन्सी'चा. तो पुण्यामुंबईच्या वेदनाचिकित्सकांकडे मिळतो. पूर्वी सुईच्या टोकाने तंतू भाजून टाकीत. मुळाजवळच्या गाठीस भाजणे धोक्याचे, कारण बधिरता येते आणि कधी वेदना उलटते. डच डॉक्टर स्लाउटर यांनी १९९८ साली प्रवाह तोडून तोडून देण्याची रीत सुचविली. अर्ध्या सेकंदात वीस सहस्रांश सेकंद प्रवाह आणि उरलेला वेळ विश्रांती, म्हणजे ऊष्णता ४२ अंशांच्या वर चढत नाही आणि तंतू मरत नाही. मानेच्या मुळाच्या दुखण्यावर २००७ साली खोट्या उपचाराशी तुलना करून एक चांगला प्रयोग झाला आणि निकाल अनुकूल आला. पण रोगी अवघे २३. एवढ्या भांडवलावर मोठी पेढी उघडू नये असे आमचे मत आहे.

मग दबलेली नस सुटते कशाने? पुष्कळ वेळा काळाने. चकतीचा बाहेर आलेला तुकडा शरीराला परका वाटतो आणि रक्तातील भक्षक पेशी तो हळूहळू खाऊन टाकतात. जितका तुकडा मोठा आणि सुटा तितका तो झपाट्याने नाहीसा होतो, ही विलक्षण गोष्ट एमआरआयच्या चित्रांतून आता वारंवार दिसली आहे. हॉलंडमध्ये दीडदोन महिने तीव्र सायटिका असलेल्या २८३ रोग्यांचे दोन गट केले. एकाची लगेच शस्त्रक्रिया, दुसऱ्याने वाट पाहावयाची. शस्त्रक्रियेने कळ लवकर थांबली. वाट पाहणाऱ्यांपैकी ३९ टक्के लोकांनी न राहवून शेवटी शस्त्रक्रिया करून घेतली. पण वर्षाच्या अखेरीस दोन्ही गट सारखेच, म्हणजे शंभरात पंचाण्णव, बरे झालेले होते. हा निकालही २००७ सालचा. मात्र लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, मांड्यांच्या आतल्या बाजूस व गुदाभोवती बधिरता आली, पाऊल लोंबू लागले, तर वाट पाहावयाची नाही आणि करंटही घ्यावयाचा नाही. त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावयाचे. रात्री अपरात्री पिंपरीत महापालिकेचे यशवंतराव चव्हाण रुग्णालय आहे.

बाकीच्यांस जे हवे ते म्हणजे काही आठवडे: वजन न उचलण्याचे, सारखे न बसण्याचे, हळूहळू चालू लागण्याचे. त्या आठवड्यांत रात्री झोप लागावी म्हणून कोणी टेन्सची पेटी लावली तर आम्ही त्यास दोष देणार नाही. हृदयाला पेसमेकर असेल त्याने ती लावू नये आणि बधिर कातडीवर ती ठेवू नये, एवढेच. पण आमच्या पट्ट्यात करंट बहुधा विश्रांतीच्या सोबतीला येत नाही, तो विश्रांतीच्या ऐवजी येतो. संध्याकाळी वीस मिनिटे द्वार लोटून घ्यावयाचे आणि सकाळच्या पाळीला पुन्हा प्रेससमोर उभे राहावयाचे, असा क्रम चालतो. राज्य विमा योजनेत आजारपणाच्या ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणीच्या मुदतीत निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. कायम कामगाराचे हे दिवस आपोआप भरतात. ठेकेदाराकडे सहा महिन्यांत तीनदा घरी बसविलेल्या पोराचे ते भरतातच असे नाही, आणि चाकणच्या रस्त्यावर संध्याकाळी पालथा पडलेला असतो तो बहुतेक तोच.